पगारपत्रकात मंदी कुठे दिसते?

मंदी आली हे मला वर्तमानपत्राच्या आधी कळतं. यात हुशारी काही नाही. मरोळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पगार काढते, आणि पगारपत्रकात ‘ओव्हरटाइम’ नावाचा एक रकाना असतो. तो रिकामा व्हायला लागला की समजायचं.

२०१९ चा पावसाळा आठवतो. आमच्याकडे गाड्यांना लागणारे छोटे भाग बनतात. तोवर दर महिन्याला तीस-पस्तीस नावांपुढे ओव्हरटाइमचे तास भरावे लागायचे. जुलैत एकोणीस नावं आली, ऑगस्टमध्ये सहा, सप्टेंबरमध्ये रकाना कोरा. टीव्हीवर तेव्हा तज्ज्ञ मंडळी ‘याला मंदी म्हणायचं की नुसती मरगळ’ यावर वाद घालत होती. इकडे लेथवरचे एक काका माझ्या खिडकीशी येऊन विचारून गेले, “ताई, या महिन्याचा ओव्हरटाइम लावायचा राहिला का हो?”

राहिला नव्हता. नव्हताच.

त्या काकांचं गणित मांडून दाखवते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाचे ६०० आणि तासाचे ७५. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने, म्हणजे तासाला १५०. महिन्याला तीस तास जादा काम केलं की साडेचार हजार. वीस हजारांवर चालणारं घर अचानक साडेपंधरावर आलं. यात कुणी कुणाला कामावरून काढलं नाही. पगार कापल्याचं पत्र नाही. बेकारीच्या सरकारी आकड्यात काका तेव्हाही ‘काम आहे’ या खान्यात होते आणि नंतरही तिथेच राहिले. मुंबईत बहुतेकांची मंदीशी गाठ पडते ती अशी, आवाज न करता. म्हणून बेकारी आणि थिजलेला पगार हे दोन विषय वेगळे काढून समजत नाहीत. ते एकाच पत्रकातले शेजारशेजारचे रकाने आहेत.

मंदी म्हणजे नेमकं काय

पुस्तकी व्याख्या सोपी आहे. लागोपाठ दोन तिमाही देशाचं एकूण उत्पादन, म्हणजे जीडीपी, घटलं की तांत्रिक मंदी. त्या मापाने आपल्याकडे ठळक मंदी आली ती २०२० मध्ये. एप्रिल ते जून या टाळेबंदीच्या तिमाहीत जीडीपी आदल्या वर्षीपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी खाली गेला आणि पुढच्या तिमाहीतही घटच होती. पण आपल्यासारख्या देशात पोट मारायला उत्पादन घटावंच लागतं असं नाही. दरवर्षी लाखो मुलं-मुली शिकून काम शोधायला बाहेर पडतात. त्यांना सामावून घ्यायचं तर अर्थव्यवस्थेने जागेवर उभं राहून भागत नाही, तिला पळावं लागतं. २०१९-२० मध्ये वाढीचा दर ४ टक्क्यांच्या आसपास आला होता. कागदावर ती वाढच. मरोळमध्ये तिला सगळे मंदी म्हणायचे, आणि माझ्या मते मरोळचं बरोबर होतं.

आता पैसा आटतो कसा? एकाने केलेला खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. हे मी अर्थशास्त्रात नंतर शिकले. पाहिलं होतं त्याच्या बऱ्याच आधी, लालबागच्या चाळीत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. आमची आई तेव्हा खाणावळ चालवायची. दोन वेळ जेवणारे बावीस जण, सगळे गिरणीतले, बायका-पोरं गावाला. (संप म्हणजे मंदी नव्हे, ठाऊक आहे मला. पण पगार थांबला की खाली काय काय ओघळत जातं, हे त्याहून स्वच्छ मी कुठे पाहिलेलं नाही.) पहिले दोन महिने आईने वहीत मांडून सगळ्यांना जेवू घातलं. मग माणसं एकेक करून कोकणात, साताऱ्याकडे निघून गेली. वहीतली उधारी वहीतच राहिली. आईने वाण्याचं बिल थकवलं. वाण्याने तांदूळ उधार द्यायचं बंद केलं. भांडी घासायला एक मावशी यायच्या, त्यांना आईने एका संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं आणि स्वतःच रडत बसली. त्या मावशींचा गिरणीशी काडीचा संबंध नव्हता.

गिरणीतला एक पगार थांबला, तर बाहेर एकाहून जास्त कमाया थांबल्या. अर्थशास्त्रज्ञ याला ‘गुणक’ म्हणतात. वर जातानाही गुणाकार आणि खाली येतानाही गुणाकारच. आमच्या मरोळच्या काकांनी साडेचार हजार कमी झाल्यावर फ्रिज घ्यायचा बेत पुढे ढकलला. तसं हजारो घरांनी केलं की फ्रिजच्या कारखान्यातला ओव्हरटाइमचा रकाना रिकामा होतो. तिथली पगार काढणारी बाई मला ओळखत नाही, पण तिच्या पडद्यावर तेच दिसत असतं.

कापाकापीचा ठरलेला क्रम

इतकी वर्षं पगार काढून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. धंदा बसला की मालक काय आधी कापतो आणि काय शेवटी, याला एक क्रम असतो.

आधी ओव्हरटाइम. त्यात कुणाचा वाईटपणा घ्यावा लागत नाही.

मग भरती. कुणी निवृत्त झालं, कुणी सोडून गेलं, तर ती जागा भरायचीच नाही. ही कपात सगळ्यात फसवी, कारण त्यात कुणाची नोकरी ‘गेली’ असं दिसत नाही. ज्याला ती मिळाली असती तो आयटीआय करून घरी बसलेला पोरगा आमच्या गेटपर्यंत पोहोचलेलाच नसतो. मंदीत बेकारी आधी तरुणांच्या वाट्याला येते ती यामुळे. चांगल्या काळातही हे अंतर मोठंच असतं. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत एकूण बेकारी ३.२ टक्के होती, तर १५ ते २९ वयोगटात १०.२ टक्के. आणि हा घाव लवकर भरत नाही. कॅनडातल्या पदवीधरांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा पगार इतरांपेक्षा कमी राहतो आणि ते अंतर मिटायला दहा वर्षांपर्यंत वेळ लागतो. पहिली नोकरी पडेल ती घ्यावी लागते. पुढचा पगार ‘आधी किती होता?’ या प्रश्नावर ठरतो आणि तो पहिला आकडा माणसाच्या मागे लागून येत राहतो.

तिसरा नंबर कंत्राटी कामगारांचा. आमच्याकडे चौदा होते. एका शुक्रवारी मुकादमाला फोन गेला, सोमवारी चौदापैकी कुणी आलं नाही. नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही. कागदोपत्री ती माणसं कंत्राटदाराची, आमची नव्हतीच. माझ्या पत्रकात त्यांच्या नावाच्या ओळीसुद्धा नसायच्या, नुसता कंत्राटदाराच्या बिलाचा एक आकडा. तो शून्य झाला.

हे ऐकून बाबा म्हणाले, “म्हणजे बदलीच की.” बाबा गिरणीत बदली कामगार होते. खात्यातला कायम कामगार त्या दिवशी आला नाही तर काम, आला तर परत घरी. रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. नावाला गिरणीत नोकरी, आणि महिन्याला काम कधी वीस दिवस तर कधी आठ. आज कुणी त्यांना बदली म्हणत नाही. कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस, गिग वर्कर अशी नवी नावं आली. गेट मात्र तेच, फक्त काहींच्या बाबतीत ते मोबाइलमध्ये आलं आहे.

चौथी पगारवाढ. आणि अगदी शेवटी कायम माणसाला नोटीस.

पगार कापत का नाहीत, गोठवतात का?

हा प्रश्न मलाही पडायचा. दहा टक्के काम कमी झालं, तर दहा टक्के माणसं काढण्याऐवजी सगळ्यांचा पगार दहा टक्के कमी करावा. सगळे राहतील. सरळ हिशेब.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ ट्रुमन ब्यूली हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतल्या ३०० हून अधिक मालक, व्यवस्थापक आणि कामगार पुढाऱ्यांना भेटले. मालकांकडून मिळालेल्या उत्तराचा सारांश असा: पगार कापला तर सगळेच दुखावतात आणि ती दुखावलेली माणसं रोज समोर काम करत असतात. मन उडालेलं असतं, माल खराब निघतो, आणि चांगला कारागीर पहिल्या संधीला दुसरीकडे जातो. माणसं काढली तर दुखावलेले निदान गेटबाहेर जातात. क्रूर आहे, पण हिशेब कळतो. मुंबईच्या गिरणी मालकांनी १९३० च्या दशकातल्या जागतिक मंदीत उघड पगारकपात करून पाहिली होती. त्याचं उत्तर त्यांना १९३४ च्या सार्वत्रिक संपात मिळालं.

म्हणून पगार कापण्यापेक्षा गोठवणं सोपं पडतं. कापायचं काम महागाईवर सोपवायचं.

समजा २२ हजार पगार आहे, तीन वर्षं एक रुपया वाढला नाही आणि महागाई वर्षाला ५ टक्के. तीन वर्षांनी त्या २२ हजारांत तेवढंच येतं जेवढं आधी १९ हजारांत यायचं. तीन हजारांची कपात झाली, पण तसं पत्र कुणी दिलं नाही आणि त्याविरुद्ध गेटवर उभं राहून घोषणा द्यायची सोयही राहिली नाही. वर्षाला ३ टक्के वाढ मिळाली तरी तीन वर्षांनी हाती २४ हजार दिसतात आणि त्यांची किंमत असते २१ हजारांच्याही आत. पेढे वाटून झालेले असतात.

अर्थशास्त्रात यासाठी दोन शब्द आहेत. पावतीवर छापलेला तो नाममात्र पगार, बाजारात चालतो तो वास्तव पगार. मुंबईत हा फरक घरभाड्यात पहिल्यांदा कळतो. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडं वाढतं, तिथे मालकाला ‘आमचं इन्क्रिमेंट झालं नाही’ सांगून उपयोग नसतो. स्वतःचं घर असेल तर हप्ता आहेच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा बदलत्या व्याजदराचं कर्ज असलेल्यांचे हप्ते किंवा हप्त्यांची वर्षं वाढली. पगार होता तिथेच.

आमच्याकडे २०२० च्या एप्रिलमध्ये मालक माझ्या टेबलाशी आले आणि एवढंच म्हणाले, “ताई, यंदा तो कॉलम तसाच ठेवा.” पुढच्या वर्षीही तसाच ठेवला.

यातून एक गंमत होते, जिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. हा भत्ता जानेवारी आणि जुलैत महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतो. त्यामुळे किमान वेतनावरच्या हेल्परचा पगार दर सहा महिन्यांनी थोडा का होईना वर सरकतो, मालकाची इच्छा असो वा नसो. वरच्या अनुभवी कारागिराचा गोठलेला असतो. दोन-तीन वर्षांत दोघांमधलं अंतर विरघळायला लागतं. लेथवरचे तेच काका एकदा पावती घेऊन आले. म्हणाले, “पंधरा वर्षं बोटं काळी केली, आणि हा परवा आला, त्याच्यात-माझ्यात दीड हजाराचा फरक?” राग हेल्परवर निघाला. त्या पोराने काहीच केलं नव्हतं.

गेटबाहेरची रांग

पगार वाढायला मालकाला एक भीती असावी लागते, माणूस सोडून जाईल ही. मंदीत ती भीती जागा बदलते. बाहेर जागा नाहीत हे दोघांनाही माहीत असतं. १९५८ मध्ये ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी ब्रिटनचे जवळपास शंभर वर्षांचे आकडे मांडून दाखवलं की बेकारी जास्त असते तेव्हा पगार हळू वाढतात. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, सगळ्या देशांत, सगळ्या काळात ते तसंच चालत नाही. पण मूळ गोष्ट बाबांना आलेख न काढता ठाऊक होती. गेटवर बदलीवाले जास्त असले की जॉबरचा, म्हणजे माणसं कामाला लावणाऱ्या मुकादमाचा, आवाज चढायचा.

मात्र सगळं खापर मंदीवर फोडणं मला पटत नाही. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालातच दोन गोष्टी आहेत. पहिली: २०२३-२४ मध्ये शेअर बाजारातल्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या अवघ्या १.५ टक्क्यांनी. दुसरी: महागाई वजा केल्यावर नियमित पगारदार पुरुषांची महिन्याची सरासरी कमाई २०१७-१८ मध्ये १२,६६५ होती, ती २०२३-२४ मध्ये ११,८५८ झाली. बायकांची १०,११६ वरून ८,८५५. रोजंदारीवरच्या पुरुषांची दिवसाची कमाई मात्र २०५ वरून २४२ वर गेली, हेही सांगायला हवं. म्हणजे अर्थव्यवस्था सावरून नफा आला तरी पगाराची पाळी आपोआप येत नाही. रांग एकदा लांबली की ती तेजीतही लगेच तुटत नाही, आणि कंत्राटी माणसाला ‘आम्हाला वाढ द्या’ म्हणून एकत्र उभं राहायला जागा उरत नाही.

बेकारीचा आकडा कमी, मग बेकार एवढे कसे?

सरकारी बेकारीचा दर कसा निघतो ते चाळीवरून पाहू. चाळीत पंधरा वर्षांवरची १०० माणसं आहेत. ५५ जण काम करतात, ५ जण काम शोधतायत आणि ४० जण काम करतही नाहीत, शोधतही नाहीत: विद्यार्थी, म्हातारी माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका. दर काढताना या ४० जणांना बाजूला ठेवतात. उरले ६०, त्यातले ५ बेकार. दर ८.३ टक्के.

आता त्या पाचांतले तिघे वर्षभर चपला झिजवून कंटाळले आणि शोधायचे थांबले. ते चाळिसांत जाऊन बसले. उरले ५७, बेकार २. दर ३.५ टक्के. चाळीत एकालाही काम मिळालं नाही आणि बेकारी निम्म्याहून खाली आली!

हे दर्शवायला घेतलेलं उदाहरण आहे. देशात खरोखर काय झालं ते थोडं वेगळं आणि जास्त गुंतागुंतीचं. २०१७ पासून आपल्याकडे नियतकालिक श्रमशक्ती पाहणी होते, पीएलएफएस म्हणतात तिला. तिच्यानुसार बेकारी २०१७-१८ मध्ये ६ टक्के होती, २०२३-२४ मध्ये ३.२. याच काळात काम करणारे आणि शोधणारे मिळून कमी झाले नाहीत, उलट कामात आलेल्यांचं प्रमाण वाढलं. पण कसल्या कामात? स्वतःचा उद्योग करणाऱ्यांचं प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेलं आणि नियमित पगारदारांचं २२.८ वरून २१.७ वर आलं. ‘स्वतःचा उद्योग’ या खान्यात दादरचा पेढीवाला येतो, स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकणारा येतो, आणि घरच्या पोळी-भाजी केंद्रात सकाळी पाचपासून पोळ्या लाटणारी सून येते, जिला त्याचा पैसाही मिळत नाही. ती ‘बिनवेतन मदतनीस’ म्हणून कामात मोजली जाते. चूक नाही त्यात, ती कामच करते आहे. पण नवऱ्याची नोकरी गेल्यावर सुरू झालेलं केंद्र आकड्यात ‘रोजगार वाढला’ असं दिसतं, एवढं लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

शिवाय पाहणीतल्या ‘चालू साप्ताहिक’ मापाने आठवड्यात एका दिवशी तासभर काम केलेला माणूसही कामावर असलेलाच. नाक्यावरच्या बिगाऱ्याला विचारा. सकाळी आठला डबा घेऊन नाक्यावर उभं राहायचं. दहापर्यंत कुणी मुकादम आला नाही तर तोच डबा घरी जाऊन खायचा. तेजीत महिन्याचे बावीस दिवस भरतात, मंदीत बारा. तो बेकार म्हणून कुठेच नोंदला जात नाही. पूर्ण बेकार राहणं ही चैन आहे, ती घरून जेवण येणाऱ्याला परवडते. शिकलेल्यांमध्ये बेकारीचा दर जास्त दिसतो त्याचं एक कारण हेच.

पावतीवरचे दोनशे रुपये

मंदीत सरकार काय करतं? रिझर्व्ह बँक व्याज स्वस्त करते. मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता. पण गिऱ्हाईकच नसेल तर स्वस्त कर्ज काढून नवं मशीन कोण घेणार? आमच्या मालकांनी तरी घेतलं नाही. दुसरा मार्ग, सरकारने स्वतः काम काढायचं आणि मजुरी द्यायची.

यात महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला आणि २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदाही तिच्याच वळणाने आला. तिच्यासाठी पैसा कुठून आणला? तुमच्या पगाराच्या पावतीवर ‘पी.टी.’ म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार? तो व्यवसाय कर १९७५ मध्ये लागू झाला तो रोजगार हमीसाठी. (२०२३ पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे.) म्हणजे शहरातला पगारदार गावाकडच्या मजुराच्या हमीचा पैसा भरत आला. ते योग्यच होतं. पण त्याच शहरी माणसाचं काम गेलं तर त्याला तशी हमी नाही, आणि पन्नास वर्षांत शहरासाठी तशी योजना काढावी असं या राज्याला सुचलेलं नाही. मी दर महिन्याला हा रकाना भरते आणि दर महिन्याला मला हे आठवतं.

शहरी कामगारासाठी जे आहे ते तुटपुंजं आहे, तरी माहीत असावं. ईएसआयसीत, म्हणजे कामगार आणि त्याच्या घरच्यांवर उपचार करणाऱ्या सरकारी विम्यात, नाव असलेल्या कामगाराची नोकरी गेली आणि तो अटींत बसत असेल, तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. पण ईएसआयसीची पगाराची मर्यादा २०१७ पासून २१ हजारांवरच थांबलेली आहे. पगार गोठतात तशा मर्यादाही गोठतात. आमच्याकडे २०,४०० वर असलेल्या एकाने वाढ नको म्हणून हात जोडले. २१ हजार ओलांडले की आईच्या डायलिसिसचं काय, हा त्याचा प्रश्न होता.

राष्ट्रीय किमान मजुरीची तळरेषा २०१९ मध्ये दिवसाला १७८ रुपये ठरली. अंधेरी स्टेशनबाहेर त्यात एक जण बऱ्यापैकी जेवेल.

आणि एक कामाची गोष्ट. मंदीत कंपन्या ‘काढतो’ म्हणत नाहीत, ‘राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ’ म्हणतात. कागदावरचा हा एक शब्द फार महाग पडतो. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराची कपात केली, तर नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. राजीनाम्यावर सही केली की ती भरपाई संपली. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं झालेल्या कायम कामगाराला राजीनामा दिला तरी मिळते: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८ हजारांवर आठ वर्षं झाली असतील तर ८३,०७७ रुपये. कुणी ‘साठ हजार घे आणि मोकळा हो’ म्हणालं, तर हा हिशेब मोबाइलवर करून बघावा आणि सहीसाठी एक दिवस मागून घ्यावा.

परत येताना

मंदी उठते तेव्हा सगळं त्याच वाटेने परत येतं. २०२१ च्या दिवाळीआधी माझ्या ओव्हरटाइमच्या रकान्यात दोन वर्षांत पहिल्यांदा नावं आली, अकरा. मालक नवीन माणूस लगेच घेत नाही. काम टिकतं का ते बघतो, तोवर आहेत त्यांनाच जादा तास. म्हणून बाहेर ‘अर्थव्यवस्था सावरली’ अशा बातम्या येत असतात आणि आयटीआयवाला पोरगा घरीच असतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने परवडेनासा झाला की मग कंत्राटदाराला फोन. कायम भरती त्यानंतर. पगारवाढीचा नंबर सगळ्यात शेवटी, गेटबाहेरची रांग संपायला लागल्यावर.

जानेवारीत मुकादम नऊ माणसं घेऊन आला. आधीच्या चौदांपैकी चारच ओळखीचे होते, बाकीचे नवे. कंत्राटदाराचं बिल माझ्याकडे आलं, तेव्हा जुनी फाइल काढून दर ताडून पाहिला. सरकारी भत्त्याने वर ढकललं होतं तेवढंच वाढलं होतं. हेल्पर आणि मशीनवरचा माणूस, दोघांना आता एकच दर लावला होता. मी मालकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बिल पाहिलं आणि सही करून परत दिलं.